डिकीतल्या दोन मोटारी

६ नोव्हेंबर, गुरुवार

गाडीतून उतरून तशीच लिहायला बसले म्हणून अक्षर असं.

लातूरला आक्काकडून निघायला उशीर झाला. गुडघ्यामुळं तिला जिना उतरवत नाही, आणि मी खाली गाडीपाशी पोचले की तिला वर गॅलरीत एकेक आठवतं. लोणचं घेतलंस का. कढीपत्ता राहिला बघ. मोठ्या बहिणीला नाही म्हणता येत नाही, परत परत वर गेले.

अहमदपूरला दिवेलागण झाली. त्यापुढं रस्ताच दिसेना. दिवे लावले तर पुढं हातभर पिवळा उजेड, तोही खाली जमिनीवर सांडलेला. समोरून गाडी आली की तेवढाही जाई. माळाकोळीपासून एका एसटीच्या मागच्या लाल दिव्यांना धरून आले. ती थांब्यावर थांबली की मीही थांबले. एका थांब्यावर कंडक्टर उतरून माझ्याकडं बघत उभा राहिला, बाई कोणाला न्यायला आली की काय म्हणून. मी उगीच हात हलवला.

यांनी मला गाडी शिकवली ती पन्नाशीत, आणि उजेडापुरती. "दिवे लावायची वेळ झाली की चावी माझ्याकडं." दिव्यांच्या दांडीला मी कधी हात लावला नव्हता. हे जाऊन वर्ष उलटलं, गेल्या वर्षी गणपतीत. तेव्हापासून मी अंधाराच्या आत घरी येते. आज चुकलं.

विवेकला कळवायचं नाही.

७ नोव्हेंबर

आक्कानं विवेकला पुण्याला फोन करून सांगितलंच. बाई गुडघ्यानं चालत नाही पण तिची बातमी पळते.

वि. म्हणाला, "आई, गाडी काढून टाक. लई जुनी झाली. हदगावचे एक ओळखीचे मागून राहिलेत."

"मग लातूरला कशानं जाऊ?"

"एसटी हाय की. न्हाई तर इकडंच ये, कायमची."

कायमची. मागं दोन महिने राहून बघितलं. सूनबाई चांगली आहे, खोली आहे, खिडकी आहे. दोघं सकाळी जातात, रात्री येतात. मी दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकायची, आपल्या मजल्यावर थांबते का बघत. थांबायची नाही.

शेवटी मायलेकांची बोली झाली. वेळ अमावस्येला, म्हणजे शेतपूजेच्या सणाला, आक्काच्या चाकूरच्या शेतात मी स्वतः गाडी घेऊन जाणार, दिवस मावळल्यावर कडब्याचा पेटता हेंडगा शेताभोवती फिरवतात तो बघणार, आणि त्याच संध्याकाळी नांदेडला परत येणार. जमलं तर गाडी राहील. वाटेत अडले किंवा आक्काकडं मुक्काम करावा लागला, तर गाडी हदगावला जाईल. वि. लगेच हो म्हणाला. मला जमणार नाही अशी त्याला खात्री आहे. थोडी मलाही आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

देगलूर नाक्यावर इसाकभाईकडं गेले. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, यांचा जुना माणूस. दुकानापुढं सगळे पुरुष उभे, त्यात मी. त्यानं खुर्ची पुसून दिली.

"भाभी, एलईडी टाकू. पांढरा उजेड पडतो, दिवसासारखा. काचा पण पिवळ्या पडल्यात, घासून देतो."

म्हटलं टाका. मग चांगलं दिसेल ना, असं दोनदा विचारलं. तो हसला नाही, बरं वाटलं. बुधवारी संध्याकाळी बोलावलंय. दिव्यांचा फोकस अंधारातच बसवता येतो म्हणे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काम झालं. जुने बल्ब मी कागदात गुंडाळून मागून घेतले. एक आतून काळा पडलेला. कशाला घेतले माहीत नाही, मसाल्याच्या डब्यामागं ठेवलेत.

दिवस मावळल्यावर इसाकभाईनं गाडी समोरच्या गोदामाच्या भिंतीपुढं लावली. भिंतीवर खडूनं आडवी रेघ मारली. रेघ कुठं आणि उजेड कुठं, पार खाली.

"अप्पानं फोकस येवढा खाली कामून ठेवला होता?"

मला काय माहीत. हे पाणबुडी मोटारी विकायचे, सारं आयुष्य नांदेड-लातूर रस्त्यावर गेलं. दिवे कुठं बघतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. इसाकभाईनं स्क्रू फिरवून उजेड रेघेपर्यंत वर आणला. भिंतीवरची सिमेंटची जाहिरात चष्म्याशिवाय वाचली.

घरी येऊन दोन्ही काचांवर विभूतीची तीन बोटं ओढली. नवी मोटार विहिरीत सोडताना हे ओढायचे तशी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी सोनखेडपर्यंत जाऊन आले. अंधारात, एकटी, पहिल्यांदा. रस्ता दिसतो. कडेची बाभळ दिसते, खड्डा खड्ड्यात जायच्या आधी दिसतो. एक कुत्रं आडवं आलं, त्यालाही मी दिसले असावे, तेच बाजूला झालं. येताना चक्क गुणगुणत होते.

पण गाडी मागून उडते. रिकाम्या डब्यासारखी वाजते. यांच्या वेळी डिकीत कायम दोन मोटारी असायच्या, गिऱ्हाइकाला दाखवायच्या. गाडी मागं दबून, जड चालायची. शेजारी बसले की मला चाकूरच्या आत झोप लागायची. हे गेल्यावर वि.नं त्या मोटारी काढून व्हरांड्यात ठेवल्या. मी त्यांच्यावर कुंड्या ठेवते. भंगारात दे म्हणतो. देत नाही.

१७ नोव्हेंबर

गॅसवाले दोघं सिलिंडर घेऊन आले होते. त्यांना चहा पाजला आणि मोटारी डिकीत ठेवून घेतल्या.

"विकायच्या का मावशी?"

"नाही."

"मग कुठं न्यायच्या?"

"कुठंच नाही."

एकमेकांकडं बघत गेले बिचारे.

गाडी मागं दबली. डिकी लावल्याचा आवाजसुद्धा जुना आला. बराच वेळ गाडीत नुसती बसून राहिले. शेजारच्या जागेवर. माझी जागा तीच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज झालं ते लिहून ठेवते.

मोटारी घेऊन संध्याकाळी सोनखेडकडं निघाले. विष्णुपुरीच्या पुढं समोरून एका टेम्पोनं डिपर मारला. दिवे लावले, विझवले, लावले. मग एका ट्रकनं. मग जीपनं. जो येईल तो. आधी दचकले, दार उघडं राहिलं की काय. मग लक्षात आलं, आणि गाडी कडेला घेऊन रडले.

या रस्त्यावर यांची गाडी सगळ्यांना माहीत. मोटारवाले अप्पा. टपरीवाले, टेम्पोवाले, खताच्या दुकानांतले लोक. समोरून ओळखीचं कोणी आलं की हे दोनदा दिवे द्यायचे, सावकाश. एक देऊन थांबायचे, मग दुसरा. पलीकडूनही तसेच दोन यायचे. "कोण हो?" मी विचारायची. "आपलाच माणूस हाय." पुष्कळदा नाव यांनाही ठाऊक नसायचं.

शनिवारी मला कोणी दिवे दिले नव्हते. आज मोटारी होत्या, गाडी जुन्यासारखी दबून चालत होती. लोकांनी चाल ओळखली. दुसरं काय असणार?

येताना मीही एकेकाला दिवे दिले. वरचे, म्हणजे त्यांना नीट दिसावेत.

२० नोव्हेंबर

लोह्यापर्यंत गेले. सगळ्यांनी दिले. एक ट्रकवाला तर देतच राहिला, लगालगा, जवळ येईपर्यंत, वर हॉर्नही. मीही दिला. केवढी माया लोकांची. हे असताना मला वाटायचं, रस्त्यावर नुसता वेळ घालवतात. घरी मी वाट बघायची आणि हे कुठल्या तरी टपरीवर आपल्या माणसांत. आता कळून राहिलंय की त्यांनी काय जमवून ठेवलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काम काही नव्हतं. तरी गेले. इस्त्रीची साडी नेसले. गाडीत कोणाला दिसणार आहे? पण नेसले.

सकाळपासून माणसाशी बोलणं झालं ते भाजीवालीशी, कोथिंबिरीवरून. घरात मी बोलले तर ते टीव्हीला बोलले. मी नोकरीत असताना आमच्या ऑफिसात, अंगणवाड्या तपासायला किनवटच्या जंगलात फिरायची तेव्हा, गप्प बसा बाई म्हणायची वेळ यायची लोकांवर. संध्याकाळी मात्र रस्ताभर विचारपूस. परत आले की दोन भाकरी जातात.

२५ नोव्हेंबर

लोहा. सगळे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लातूर करून आले. मुद्दाम उशिरा निघाले.

आक्का म्हणाली, "अंधार पडंल. ऱ्हा की आज."

"नको. लोक वाट बघतात."

"कोण लोक गं?"

सांगितलं. ती ऐकत राहिली, मग डोळ्यांना पदर लावला. "पुण्याई गं त्यांची," म्हणाली. दोघी बहिणी जिन्यात बसून रडलो. खाली दुकानात गिऱ्हाइकं होती, आक्काचा बसू दोनदा वर येऊन बघून गेला.

अहमदपूरपासून नांदेडपर्यंत एकही गाडी न बोलता गेली नाही.

२८ नोव्हेंबर

वि.ला फोनवर सांगितलं. रस्ता अजून अप्पांना ओळखतो म्हटलं. तो नुसतं "हाव आई" म्हणाला. आणि मीटिंग आहे म्हणून ठेवला. गहिवरला असेल. बापासारखाच आहे, रडू आलं की काम निघतं.

४ डिसेंबर, गुरुवार

लिहायचं नाही असं म्हणत होते. लिहिते.

लातूरहून येताना, माळाकोळीच्या अलीकडं. समोरून मोटारसायकल आली. तिनं दिवे दिले. मीही दिले, वरचे, जरा धरून ठेवले. मोटारसायकल डगमगली आणि रस्ता सोडून कडेला खाली गेली. एक दुधाची कॅन घरंगळत रस्त्यावर आली.

उतरून पळाले. पस्तिशीतला माणूस, डेअरीला दूध घालायला निघालेला. कोपर सोललं होतं, गुडघ्यावर पँट फाटली होती. आपला आपण उभा राहिला, माझं नशीब. मला बघून तोंडातली शिवी तोंडातच ठेवली.

"मावशी, तुमी हाव का? म्या समजलो कोणी उनाड पोरगं हाय." मग म्हणाला, "लोकाच्या डोळ्यात सूर्य घालता का हो? डिपर मारून मारून हात दुखला माझा. दिवे खाली घ्या म्हणून सांगून राहिलो, तर तुमी उलट अप्परच मारता. काईच दिसंना, म्हणून खाली घातली गाडी."

मी म्हटलं, "तुम्ही ओळख दिली ना?"

"कोणाची ओळख?"

"मोटारवाले अप्पा. या रस्त्यानं असायचे. ही त्यांची गाडी."

तो गाडीकडं बघत राहिला. आठवायचा प्रयत्न केला त्यानं, खोटं कशाला लिहू. "न्हाई मावशी. कोण ते?"

रोज याच रस्त्यावर असतो तो. गोविंद नाव.

अहमदपूरला दवाखान्यात नेते म्हटलं. नको म्हणाला, हळद लावतो. दोघांनी मिळून कॅन उभ्या केल्या. दूध निम्म्याहून जास्त गेलं होतं. माझ्या दिव्यांत रस्त्यावर पांढरं चमकत होतं. जाताना त्यालाच माझी काळजी. "नांदेडपस्तोर जाताल का नीट? हळू जावा."

परत एक एसटी धरली आणि तिच्यामागं आले.

५ डिसेंबर, शुक्रवार

दिवस मावळल्यावर गाडी आमच्याच कंपाउंडच्या भिंतीपुढं लावली. इसाकभाईनं जशी लावली होती तशी. त्यानं रेघ मारली होती ती बोनेटच्या जरा खाली येत होती, तेवढ्या उंचीवर खडूनं रेघ मारली. दिवे लावले. उजेड रेघ सोडून वर, भिंतीवरून पलीकडं, देशमुखांच्या पेरूच्या झाडात. झाडातली चिमणीसुद्धा दिसत होती.

समोरच्या बांधकामावरचे दोघं घरी निघाले होते. त्यांना हाक मारून मोटारी खाली उतरवून घेतल्या. पहिली उतरली तसा उजेड खाली आला. दुसरी उतरली, रेघेवर आला.

मग मला सगळंच कळलं. यांनी दिवे खाली बसवले होते ते मोटारींचं वजन धरून. मोटारी असल्या की गाडी मागं दबणार, पुढचं तोंड वर उचलणार, म्हणून दिवे आधीच खाली. वि.नं मोटारी काढल्या आणि उजेड जमिनीवर पडायला लागला. मला त्या रात्री रस्ता दिसत नव्हता तो बल्ब जुने झाले म्हणून नाही, डिकी रिकामी झाली म्हणून. इसाकभाईनं रिकाम्या गाडीवर दिवे बरोबर बसवले. मग मी मोटारी परत भरल्या. त्याला सांगितलंही नाही.

ते दोघं म्हणाले, "मावशी, दिवे बंद करू का?" मी भिंतीकडंच बघत उभी होते.

७ डिसेंबर, रविवार

वि.ला गोविंदचं सांगितलं. मग विचारलं, "त्या दिवशी मी रस्त्याचं बोलले तेव्हा तुला कळलं होतं ना?"

"हाव."

"मग बोलला का नाहीस?"

"आई, किती दिवसांनी हसून राहिली होतीस तू."

फोन ठेवला. एखादा माणूस मेला असता आणि माझा लेक मला हसू देत होता. रागारागात भाकरी करपली, तशीच खाल्ली.

पण त्याला काय बोलू? यांचे दिवे दोनच असायचे, सावकाश, मध्ये थांबून. रस्त्यावरचे ते भराभर, न थांबता. हा फरक मला पहिल्याच दिवशी दिसला होता. दिसला आणि मी तो बाजूला सारला, कारण कोणी तरी माझ्याशी बोलत होतं. शिव्या खायला मी इस्त्रीची साडी नेसून जात होते. लाज वाटते. लाजेपेक्षा जास्त एकटं वाटतं. हे गेले त्या दिवशी घर भरलेलं होतं, तेव्हा इतकं वाटलं नव्हतं.

८ डिसेंबर

वि.चा परत फोन. "एकवीसला रविवारी मी येतो. हदगाववाले पण येतील गाडी बघायला."

"बोली वेळ अमावस्येची झाली होती."

"माणूस पडला आई."

"हो. म्हणूनच नीट जाऊन यायचंय मला."

मग म्हणाला, "बरं. अमावस्या होऊ दे."

१० डिसेंबर

कुठं गेले नाही. कुंड्यांना पाणी घातलं.

१३ डिसेंबर, शनिवार

दिवे तपासायला लोह्यापर्यंत गेले. मोटारी घरी. उजेड बरोबर. रस्ता दिसतो, समोरच्यालाही त्रास नाही. जाताना-येताना कोणीही दिवे दिले नाहीत. एकानंही नाही. हेच तर पाहिजे होतं.

घरी येऊन जेवले नाही.

अशा रस्त्यावरून एकटीनं जायचं तर गाडी तरी कशाला ठेवायची, असंही मनात येऊन गेलं. हदगाववाले निदान पोराबाळांना बसवतील तिच्यात.

१६ डिसेंबर

बसूचा फोन. शेतातली मोटार जळाली म्हणतो, मावशी, अप्पांच्या त्या दोन हायत का अजून? हायत म्हटलं. घेऊन येते. उजेडात जाणार, त्यामुळं दिव्यांचा प्रश्न नाही. येताना डिकी रिकामीच.

कुंड्या काढल्या. मोटारींवर गोल डाग पडलेत. ओल्या फडक्यानं पुसले, जात नाहीत.

१८ डिसेंबर, गुरुवार

उद्या अमावस्या. मोटारी भरून घेतल्या, पुन्हा गॅसवालेच सापडले. "मावशी, आता तरी कुठं?" "चाकूरला. विहिरीत." त्यांना फार आनंद झाला.

भाकरीचं पीठ, बाजरीचे उंडे करायची तयारी. मागच्या वर्षी या दिवशी मी दार लावून बसले होते. मन झालं नव्हतं.

२० डिसेंबर, शनिवार, सकाळ

काल आले ती थेट अंथरुणावर. आता लिहिते.

सकाळी निघाले. अहमदपूरच्या डेअरीवर गोविंद दिसला, थांबले. कोपर भरत आलंय. त्याला उंडे दिले. "दिवे नीट केले का मावशी?" म्हणाला. केले म्हटलं.

चाकूरच्या शेतात सगळं होतं तसंच. कडब्याची खोपटासारखी कोपी, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, आंबील. आक्काला खुर्चीसकट उचलून आणलं होतं, ती खुर्चीतूनच सगळ्यांना कामं सांगत होती. बसूनं आणि त्याच्या गड्यानं मोटारी उतरवल्या. मी दुसरीकडं बघत होते. दुपारी जेवताना बसू म्हणाला, "अप्पा असते तर आत्ताच बसवा म्हणले असते." सगळे हसले. मीही हसले. मग उसाच्या आड जाऊन आले.

दिवस मावळला. हेंडगा पेटवून बसू आणि पोरं शेताला फेरा घालायला पळाली. पार बांधाच्या टोकापर्यंत जाळ जाताना दिसत होता, मग परत येताना. हे धावायचे पूर्वी, पोट सुटलं तरी.

आक्का म्हणाली, "आता ऱ्हा. विवेकला म्या सांगते."

"न्हाई आक्का. बोली हाय."

मग तिनं डिकी भरायला काढली. ज्वारीचं पोतं, भोपळा, हुरड्याची पिशवी. डिकीत नको म्हटलं तर डोळे भरून आले तिचे. "बहिणीला रिकाम्या डिकीनं कसं धाडू? आपल्यात असं कधी झालंय का?" मी दिव्यांचं समजावून सांगितलं. तिला काही कळलं नाही, मी तिच्या घरचं नाकारते आहे एवढंच कळलं. शेवटी बसूनं पोतं उचलून पुढं ठेवलं, माझ्या जुन्या जागेवर, आणि वर पट्टा लावला. भोपळा खाली पायापाशी. तेव्हा कुठं आक्का हसली. "सवाष्णीसारखी बसली बघ," म्हणाली. म्हणून झाल्यावर तिनं जीभ चावली. मी ऐकलं नाही असं केलं.

निघाले. अहमदपूर मागं पडलं. रस्ता स्वच्छ दिसत होता. समोरून गाड्या यायच्या, जायच्या. कोणी दिवे देत नव्हतं. भीती वाटली नाही. पोत्याशी बोलत आले, खरं तेच लिहिते. माळाकोळी आली बघ. इथं हे चहाला थांबायचे. आता चढ लागेल.

लोह्याच्या अलीकडं समोरून एक जुना टेम्पो आला. त्यानं दिवे दिले. एक. मग थांबला. मग दुसरा.

माझा हात दांडीकडं गेला. तेवढ्यात ती घरंगळत आलेली कॅन डोळ्यांपुढं आली आणि हात मागं घेतला. टेम्पो शेजारून गेला. आत कोण होतं दिसलं नाही. आरशात बघितलं तर त्याचा मागचा एकच लाल दिवा चालू होता.

गाडी कडेला घेऊन उतरले. पुढं जाऊन बघितलं. उजेड खाली रस्त्यावर पडलेला, जिथं पडायला पाहिजे तिथंच. डिकी उघडून बघितली, रिकामी. दारं लागलेली. पुढं पोलीस उभे असतील म्हणून सांगितलं असेल, असं वाटलं. नांदेडपर्यंत एकही पोलीस दिसला नाही.

घरी पोचून वि.ला कळवलं. "पोचले."

"एकटी? खरंच?"

"एकटी."

तो म्हणाला, "मग हदगाववाल्यांना काय सांगू?"

उद्या सकाळी सांगते म्हटलं. बोली मी जिंकले होते, तरी तोंडातून गाडी ठेवते असं येईना.

रात्रभर एकच. तो उगीच कोणी असेल तर प्रश्नच नाही. पण आपलाच माणूस असेल, तर त्यानं दोन दिले आणि अप्पांच्या गाडीनं त्याला एकही दिला नाही. असं या रस्त्यावर कधी झालेलं नाही. त्याला काय वाटलं असेल? आज त्याच सुमाराला लोह्याकडं जाऊन बघावं का? एक मागचा दिवा नसलेला टेम्पो, एवढीच खूण.

पोतं अजून पुढच्या जागेवरच आहे, पट्ट्यासकट.

विवेकचा फोन वाजून राहिलाय.